शिक्षक घडविण्याचा खर्च कोणी सोसावा?

(समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात प्रतापगड येथे दिलेले भाषण)



संमेलनाच्या चालकांनी मला ‘शिक्षणाचे महत्त्व’ या विषयावर चार शब्द सांगण्याची आज्ञा केली होती. परंतु शिक्षणाचे महत्त्व आपल्या कोहळी समाजाला पटवून देण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत. आज ज्याच्या घरी एकरभर धानाच्या बांध्या आहेत तो बापही मुलीला बारावीपर्यंत पाठवितो. जे सर्वांना मान्यच आहे ते पुन्हा अलंकारिक भाषेत सांगून आपला वेळ घेण्यापेक्षा, चालकांच्या अनुमतीने मी विषय थोडा आवळून घेतला आहे. ज्याला शिक्षक व्हावयाचे आहे त्याच्या प्रशिक्षणाच्या काळात त्याच्या जेवणाची, खोलीभाड्याची आणि फीची तरतूद कोणी करावयाची, एवढाच माझा विषय आहे. विषय रुक्ष आहे, त्यात रुपये-पैशांचा हिशोब आहे. परंतु त्या हिशोबावर आपल्या दहा-पाच मुलामुलींचे आयुष्य दरवर्षी टांगलेले असते, म्हणून तो येथे काढावा लागतो.

आपल्या या झाडीपट्टीत शेतकऱ्याच्या घरातून पहिला पगारदार मनुष्य निघाला तो बहुधा शाळामास्तरच. १९५६ पर्यंत आपला भंडारा जिल्हा मध्यप्रांताच्या, म्हणजे नागपूर राजधानीच्या कारभारात होता. त्या काळी नागपूरच्या नार्मल स्कूलमधून शिकून आलेल्या मास्तराला गावात ‘नार्मल पास’ म्हणत, आणि तो शब्द पदवीपेक्षा अधिक मानाने उच्चारला जाई. या नार्मल पास मंडळींतील अनेकांच्या घरी दोन वेळच्या भाताखेरीज काही नव्हते. मग ती नागपुरास राहिली कशी? तर शिकाऊ शिक्षकाला सरकारने दरमहा विद्यावेतन द्यावे अशी त्या काळची पद्धत होती. विद्यावेतन हा शब्दच पाहा. ती भिक्षा नव्हे, बक्षीसही नव्हे. ते वेतन होय. शिकणे हेच त्याचे काम, आणि त्या कामाचा मोबदला म्हणून पुढे त्याने सरकारी शाळेत शिकवावयाचे.

ही कल्पना आपल्याकडे आली कोठून हे सांगण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये १८४६ साली एक योजना निघाली. तेरा वर्षांच्या हुशार मुलाने शाळेतच पाच वर्षे उमेदवारी करावी, मास्तरांच्या हाताखाली लहान मुलांना शिकवावे, स्वतः शिकावे, आणि त्याबद्दल सरकारने त्याला पहिल्या वर्षी १० पौंडांपासून पाचव्या वर्षी २० पौंडांपर्यंत द्यावे. गरीब कारागिरांची मुले या वाटेने शिक्षक झाली. १८५४ साली विलायतेहून हिंदुस्थानच्या शिक्षणाविषयी जो प्रसिद्ध खलिता आला, ज्याला आपण वुडचा खलिता म्हणतो, त्याने हाच नमुना पुढे ठेवून प्रत्येक इलाख्यात शिक्षकांच्या शाळा काढाव्यात व शिकणाऱ्यांना भत्ता द्यावा असे सांगितले. शिक्षक पाहिजे असेल तर शिकण्याच्या काळात त्याला पोसले पाहिजे, एवढे शहाणपण त्या परक्या सरकारलाही होते.

परंतु पोसावयाचा कोणाला, हा प्रश्न त्या खलित्याने सोडविला नव्हता. तो विचारला महात्मा जोतीराव फुले यांनी. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी स्पष्ट मागणी केली की, खेड्यातल्या शाळेचा शिक्षक प्रशिक्षित असावा आणि शक्यतो शेतकरी-कष्टकरी वर्गातूनच यावा. प्रसंगी त्याला नांगराची मूठ धरता यावी, सुताराचे हत्यार चालविता यावे, लोकांत मिसळता यावे. अशा शिक्षकाला महिना १२ रुपयांहून कमी पगार नसावा आणि मोठ्या गावी १५ ते २० रुपये असावा, हेही त्यांनी आकड्यांनिशी मांडले. जोतीरावांचे नाव आपण जयंतीला घेतो. पण हा आकडा त्यांनी का घातला याचा विचार करीत नाही. शेतकऱ्याच्या मुलाने शिक्षक व्हावे ही नुसती इच्छा करून चालत नाही, त्याला ते परवडले पाहिजे, हे त्यांना ठाऊक होते.

आपल्या प्रांतात १९३८ साली पंडित रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना काढली, तिचीही येथे आठवण होते. गावाने शाळेला जमीन द्यावी, जमिनीच्या उत्पन्नातून मास्तराचे वेतन निघावे, आणि अशा मास्तरांना वर्ध्यास शिकवून तयार करावे, अशी ती योजना. पुढच्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि योजनेचा जोर ओसरला. शेतीवर मास्तर पोसण्याची कल्पना, अवर्षणाच्या वर्षाचा विचार करता, मला कधीच फारशी भरवशाची वाटली नाही. तिकडे साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९३५ साली ग्रामीण शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढले. रयतेची मुले स्वतःच्या श्रमावर शिकू शकतात हे त्यांच्या वसतिगृहांनी दाखविले, हे खरे. पण त्यामागे एका मनुष्याने आपला संसार उधळून दिला होता हेही तितकेच खरे. असे कर्मवीर प्रत्येक तालुक्याच्या वाट्याला येत नसतात. म्हणून सरकारी तरतूद लागते.

स्वातंत्र्यानंतर हा विचार पुष्कळ पुढे गेला. १९६४ ते १९६६ या काळात डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने शिफारस केली की, शिक्षक-प्रशिक्षण संस्थांतील फी बंद करावी आणि शिकणाऱ्यांना विद्यावेतन व कर्ज उदारपणे द्यावे. शिफारस झाली, अंमल मात्र अर्धामुर्धा झाला. फी बंद होण्याऐवजी पुढील काळात खासगी अध्यापक विद्यालये उदंड निघाली आणि फी हेच त्यांचे मुख्य उत्पन्न होऊन बसले. आज शिकाऊ शिक्षकाला केवळ तो शिक्षक होणार आहे एवढ्या कारणाने दरमहा विद्यावेतन मिळते असे नाही. जे मिळते ते जात, उत्पन्न आणि अभ्यासक्रम पाहून, आणि बहुतांशी फीच्या परताव्याच्या रूपाने मिळते. विद्यावेतन आणि परतावा यांतील अंतर ज्याने घर चालविले आहे त्याला मी समजावून सांगण्याची गरज नाही. परताव्यासाठी पैसे आधी खर्च करावे लागतात. ज्याच्याजवळ आधीचेच पैसे नाहीत त्याने काय करावे?

येथे मी आपल्या शेतीचे पंचांग आपणांपुढे ठेवतो. मृगात आपण पऱ्हे टाकतो. आषाढ-श्रावणात रोवणी. बी-बियाणे, खत, रोवणीच्या बायांची मजुरी, यांत घरातली सगळी रोकड आणि सोसायटीचे कर्ज संपते. हलका धान दिवाळीच्या सुमारास हाती येतो, भारी धान त्यानंतर. तो आधारभूत केंद्रावर न्यावयाचा, काट्याची पाळी यावयाची, आणि मग चुकारे खात्यात जमा व्हावयाचे. म्हणजे शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो तो हिवाळ्यात. आणि विद्यालयाचा प्रवेश, पहिली फी, खोलीची आगाऊ रक्कम, पुस्तके, हे सर्व केव्हा? ऐन रोवणीत! शिष्यवृत्तीचा अर्ज त्यानंतर भरावयाचा, महाविद्यालयाने तो तपासावयाचा, मग समाजकल्याण किंवा बहुजन कल्याणच्या कार्यालयाने, आणि मग केव्हातरी वर्षाच्या शेवटी, कधी पुढच्या वर्षी, पैसे मुलाच्या खात्यात पडावयाचे. रक्कम अपुरी आहे अशी तक्रार पुष्कळ जण करतात. माझ्या मते रकमेपेक्षा महिना चुकतो हे मोठे दुखणे आहे. जुलैत मिळालेले पाच हजार रुपये मुलाला विद्यालयात ठेवतात. मार्चमध्ये मिळालेले पंधरा हजार रुपये सावकाराचे व्याज फेडतात.

ही मी कल्पनेने रंगविलेली गोष्ट नव्हे. माझ्या हाताखाली शिकलेली, आपल्याच समाजातील एक मुलगी बारावीला उत्तम गुण मिळवून डी.एल.एड.ला गेली. अक्षर मोत्यासारखे, लहान मुलांत बसली की मुले तिला सोडीत नसत. पहिले वर्ष तिने पार पाडले. दुसऱ्या वर्षी धानावर तुडतुडा पडला, घरी पैसा उरला नाही, आणि मागच्या वर्षाची शिष्यवृत्ती अद्याप यावयाची होती. विद्यालयाने फीसाठी तगादा लावला. कोणते विद्यालय ते मी येथे सांगत नाही. मुलगी घरी परतली. त्यानंतर चार महिन्यांनी शिष्यवृत्तीचे पैसे तिच्या खात्यात जमा झाले. तोपर्यंत तिचे लग्न ठरले होते. त्या पैशाची भांडी घेतली असे तिच्या वडिलांनीच मला सांगितले, आणि सांगताना ते जमिनीकडे पाहत होते. आज ती मुलगी दोन लेकरांची आई आहे आणि रोवणीला जाते. रोवणीला जाण्यात कमीपणा नाही. पण तिच्या हातून चाळीस-चाळीस मुलांच्या तीस तुकड्या शिकून निघाल्या असत्या.

आता काही जण मनात म्हणत असतील की, मास्तर, शिकून तरी नोकरी कोठे आहे? हा आक्षेप खरा आहे आणि तो मी झाकून ठेवणार नाही. २०१२ नंतर शिक्षकभरती कित्येक वर्षे जवळजवळ थांबली होती. हजारो डी.एड. झालेली मुले हॉटेलात, दुकानात, खासगी शिकवणीत राबली. आज भरतीची वाट आहे, पण ती अरुंद आहे. २०१३ पासून राज्यात शिक्षक पात्रता परीक्षा सुरू झाली, तीत उत्तीर्ण होणारे थोडे. त्यानंतर अभियोग्यता चाचणी, त्यानंतर पवित्र पोर्टल. नियुक्ती मिळाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावयाची. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन अनेक वर्षे महिना ६ हजार रुपये होते. जानेवारी २०२३ पासून ते १६ हजार झाले आहे.

दुसऱ्या बाजूने पाहा. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही. त्या वर्गांना डी.एल.एड. झालेलाच शिक्षक हवा. बी.एड. २०१५ पासून एका वर्षाचे दोन वर्षांचे झाले, पदवी धरून पाच वर्षांचा खर्च. डी.एल.एड. मात्र बारावीनंतर दोन वर्षांत होते. आपल्या समाजातील पालक अजून ‘डी.एड.ला आता काही अर्थ नाही’ असे दहा वर्षांपूर्वीचे वाक्य घोकीत आहेत. ज्या मुलाला लहान मुलांची खरी आवड आहे आणि ज्याची पात्रता परीक्षा देण्याची तयारी आहे, त्याच्यापुरते ते वाक्य आज बरोबर नाही. मात्र ‘काहीतरी करावयाचे म्हणून’ डी.एल.एड.ला जाणाऱ्याला मी या व्यासपीठावरून घरी बसण्याचाच सल्ला देईन, मग त्याच्या काकांना राग आला तरी चालेल.

सवलतींविषयी दोन गोष्टी सांगतो, कारण त्यांबद्दल गैरसमज फार आहेत. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील इतर मागासवर्ग, आर्थिक व सामाजिक मागास या प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण फीमाफी मिळाली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण हा निर्णय उच्च व तंत्रशिक्षण, वैद्यकीय शिक्षण, कृषी अशा विभागांच्या अभ्यासक्रमांपुरता आहे, आणि डी.एल.एड. शालेय शिक्षण विभागाकडे येते. ‘मुलींना सगळे फुकट झाले’ असे ऐकून कोणी फीची सोय न करता प्रवेश घेऊ नये. दुसरे असे की, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, अधिवास आणि आधारशी जोडलेले बँकखाते ही कामे मे महिन्यातच उरकावी. रोवणीच्या दिवसांत अर्जुनीच्या तहसील कार्यालयात फेऱ्या घालण्यास कोणाला सवड नसते, आणि दाखल्यावाचून महाडीबीटीचा अर्ज पुढे सरकत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एक कलम आहे, ते आपल्यासारख्या भागासाठीच लिहिले आहे असे वाटते. ग्रामीण भागातील गुणवान विद्यार्थ्यांना चार वर्षांच्या एकात्मिक बी.एड.साठी विशेष शिष्यवृत्ती द्यावी, आणि अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर त्यांना त्यांच्याच परिसरात नोकरीसाठी प्राधान्य द्यावे; त्यातही मुलींचा विचार विशेष करावा, असे ते कलम सांगते. जुन्या विद्यावेतनाचा आत्मा यात आहे, कारण यात पैसा आणि जागा ही दोन्ही एकत्र बांधलेली आहेत. इंग्लंडमध्ये आजही शिकाऊ शिक्षकांना अशी रक्कम मिळते. २०२५-२६ साली गणित, भौतिक, रसायन व संगणक हे विषय शिकविण्यासाठी प्रशिक्षण घेणाऱ्या पदवीधरांना २९ हजार पौंड देऊ केलेले आहेत. सर्वांना ती रक्कम नाही. ज्या विषयांच्या शिक्षकांची तिकडे वाण पडली आहे त्यांनाच. आमच्याकडे वाण विषयाची नाही, गावाची आहे. गोंदिया जिल्ह्याच्या आतल्या गावांत बाहेरून आलेला शिक्षक पहिल्या दिवसापासून बदलीचा अर्ज खिशात घेऊन असतो. मी त्याला दोष देत नाही, त्याचेही आईबाप दूर असतात. पण येथील मुलाला शिकवून येथेच ठेवणे हा त्यावरील उपाय आहे, आणि धोरणातले ते कलम प्रत्यक्षात यावे म्हणून आमदार-खासदारांकडे लेखी निवेदन देण्याचा ठराव या संमेलनाने करावा अशी माझी सूचना आहे.

परंतु सरकारचा निर्णय होईपर्यंत आपण काय करावयाचे? आता मी थोडे कटू बोलतो, वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी. आपल्या मंडळाच्या शिक्षणनिधीतून दरवर्षी गुणवंतांचा सत्कार होतो. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, फोटो आणि जेवण. मुलांना आनंद होतो, पालकांना अभिमान वाटतो, मलाही टाळ्या वाजविताना बरे वाटते. पण हा खर्च ज्या मुलावर होतो तो उत्तीर्ण झालेला असतो. जो पैशाअभावी अर्ध्यावर परतला त्याचे नाव या मंडपात पुकारले जात नाही. आपला जमाखर्च याच स्मरणिकेच्या मागील पानांवर छापलेला असतो. प्रत्येकाने तो आज घरी जाऊन पाहावा.

आपल्या पूर्वजांविषयी आपण अभिमानाने सांगतो की, नवेगावचा बांध कोलू पाटलांनी बांधला, या मुलखातील कित्येक तलाव-बोड्या कोहळ्यांच्या हाताने उभ्या राहिल्या. पावसाचे पाणी अडवून धानाला ऐन गरजेच्या वेळी सोडावयाचे, हीच त्यांची विद्या. पाऊस वर्षभरात पुरेसा पडतोच. तो वेळेवर पडत नाही, म्हणून तलाव. शिष्यवृत्तीचेही तसेच आहे.

माझी योजना साधी आहे. मंडळाने ३ लाख रुपयांचा वेगळा फिरता निधी काढावा. त्यातून डी.एल.एड. किंवा बी.एड. करणाऱ्या दहा विद्यार्थ्यांना महिना ३ हजार याप्रमाणे दहा महिने, जुलैपासून एप्रिलपर्यंत, बिनव्याजी उचल मिळेल. शिष्यवृत्ती जमा झाली की तेवढी रक्कम निधीत परत. उरलेली रक्कम नोकरी लागल्यावर महिना १ हजार प्रमाणे. १६ हजारांच्या मानधनातही ते जमण्यासारखे आहे. नोकरी लागली नाही तर तीन वर्षे तगादा करावयाचा नाही. काही रक्कम बुडेल, हे मी आधीच सांगून ठेवतो. दहांतील दोघांची बुडाली तरी आठ शिक्षक झाले, आणि शाली घेऊन ठेवल्या असत्या तर त्याही कपाटात कसरीने खाल्ल्याच असत्या. निवड गुणांच्या टक्केवारीवरच करू नये. मुलाला पंधरा दिवस गावच्या शाळेत किंवा अंगणवाडीत बसवावे आणि तेथील गुरुजी-बाईंना विचारावे की, याला मुले आवडतात काय? हे गुणपत्रिकेवर लिहिलेले नसते. दहांपैकी निदान सहा जागा मुलींसाठी ठेवाव्यात. मुलाला बाप उसनवारी करून शिकवितो. मुलीसाठी उसनवारी करण्याआधी तो पाहुण्यांना विचारतो, हे आपण सर्व जाणतो.

सत्कार बंद करा असे मी म्हणत नाही. सत्कार एका पुष्पगुच्छावर भागवावा आणि जेवणात एक पदार्थ कमी करावा. या निधीत पहिले ११ हजार रुपये मी माझ्या निवृत्तिवेतनातून आजच खजिनदारांच्या हाती दिले आहेत आणि त्यांची पावती घेतली आहे. माझ्यासारखे निवृत्त शिक्षक या मंडपात बरेच बसलेले दिसतात. त्यांना मी नावानिशी हाक मारीत नाही.

योजनेचा मसुदा दोन पानांचा आहे, तो कार्यवाहांकडे ठेवला आहे. ज्यांना आक्षेप असतील त्यांनी ते लेखी द्यावेत, तोंडी आक्षेप जेवणाच्या पंगतीत विरून जातात. कार्यकारिणीची बैठक अक्षय्य तृतीयेच्या आत व्हावी, म्हणजे बारावीचा निकाल लागण्यापूर्वी निर्णय होईल आणि या जुलैतच पहिली उचल देता येईल.